घरासाठी पासवर्ड मॅनेजर निवडताना आधी फोन हरवला असं समजा

समजा, जुलैच्या भर पावसात फोंड्याहून पणजीला जाताना तुमचा फोन बसमध्ये राहिला. दुपारपर्यंत तुम्ही त्याच नंबरचं नवं सिम घेता, घरातल्या जुन्या हँडसेटमध्ये घालता आणि ईमेल उघडायला जाता. पासवर्ड आठवत नाही, कारण तो फोनच लक्षात ठेवत होता. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबता, ओटीपी पाठवला असं स्क्रीनवर दिसतं, पण एसएमएस येत नाही. तो येणारही नाही. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचे, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून ओटीपी लाटणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो केला आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या २४ तासांत तुमच्या हाती काय उरतं?

घरासाठी पासवर्ड मॅनेजर निवडायचा तो या प्रश्नावरून, असं आमचं स्पष्ट मत आहे. कुठल्या ॲपचं कुलूप जास्त भक्कम यावर खूप चर्चा होते. पण नावाजलेल्या ॲपपैकी बहुतेकांचं कुलूप घरगुती वापराला पुरेसं भक्कम असतं. किल्ली हरवली तर काय, किंवा जिने हे सगळं मांडून ठेवलं ती व्यक्तीच घरात नसेल तर काय, इथे त्यांच्यात खरा फरक पडतो.

आत काय चालतं

पासवर्ड मॅनेजर म्हणजे एक कुलूपबंद वही, तिला तिजोरी म्हणू. प्रत्येक वेबसाइटचा वेगळा, लांबलचक, अर्थहीन पासवर्ड त्यात राहतो आणि तुम्ही फक्त तिजोरीचा एक मास्टर पासवर्ड लक्षात ठेवता. वेगळा पासवर्ड हवा, कारण एखाद्या लहानशा खरेदीच्या साइटवरून यादी चोरीला गेली की तोच ईमेल आणि तोच पासवर्ड चोर जीमेलवर, फेसबुकवर, बँकेत लावून पाहतात. ते हाताने बसून करत नाहीत, प्रोग्रॅम करतो.

तिजोरी कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी चांगल्या मॅनेजरमध्ये कुलूप तुमच्याच फोनवर लागतं आणि मग ती पाठवली जाते. मास्टर पासवर्डवर एक गणिती प्रक्रिया लाखो वेळा फिरवून त्यातून किल्ली तयार होते. बिटवॉर्डन या मॅनेजरमध्ये सध्या मुळात ठरवून दिलेला आकडा ६ लाख फेऱ्यांचा आहे. तुम्हाला उघडताना क्षणभर थांबावं लागतं. चोराला मात्र प्रत्येक अंदाजासाठी तेवढ्याच फेऱ्या माराव्या लागतात.

ही बाब कोरडी वाटली तरी २०२२ साली तिचं महत्त्व सगळ्यांना कळलं. लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीकडून त्या वर्षी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड कुलपात होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते, म्हणजे कोणाचं खातं कुठे आहे हे चोरांना दिसत होतं. काही जुन्या खात्यांत फेऱ्यांचा आकडा ५,००० किंवा त्याहूनही कमी राहून गेला होता. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब होता त्यांचा बचाव टिकला. आखूड पासवर्ड आणि जुनी सेटिंग असलेले धोक्यात आले. तुमचं बिटवॉर्डनचं खातं २०२३ पूर्वीचं असेल तर वेबवरून सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा एकदा बघा. १ लाख दिसला तर ६ लाख करा.

घर डोळ्यासमोर ठेवून निवड

एक घर कल्पू. आजी डिचोलीला, साधा अँड्रॉइड फोन. आईबाबा फोंड्याला, दोघांकडे अँड्रॉइड आणि मिळून एक विंडोज लॅपटॉप. मुलगी बेंगळुरूला, आयफोन. मुलगा बोटीवर, सहा-आठ महिने घराबाहेर. गोव्यात अशी घरं भरपूर आहेत आणि या घराला काय लागतं ते पाहिलं की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

सर्वांत सोपा पर्याय फोनमध्येच असतो: अँड्रॉइडवर गूगलचा, आयफोनवर ॲपलचा. काही बसवावं लागत नाही, फुकट आहे, आणि आजीसाठी आम्ही हाच सुचवू. पण दोन गोष्टी माहीत हव्यात. इथे फोनचा पिन हीच व्यवहारात तिजोरीची किल्ली असते. नातवंडांना आजीचा पिन माहीत असतोच, खेळ लावायला तेच तर फोन उघडतात. म्हणजे त्यांना तिजोरीही उघडता येते. दुसरं, ॲपलचा पासवर्ड ॲप अँड्रॉइडवर चालत नाही, तेव्हा या घरात सर्वांसाठी तो बाद. गूगलमध्ये कुटुंबातल्या माणसाला पासवर्ड देता येतो, पण जाते ती त्या वेळची प्रत. बाबांनी पुढच्या महिन्यात पासवर्ड बदलला तर मुलीकडे जुनाच राहतो आणि मग संध्याकाळी फोनाफोनी.

बिटवॉर्डन अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, सगळीकडे चालतो. त्याचा कोड खुला आहे, म्हणजे प्रोग्रॅम कसा लिहिला आहे ते कोणालाही तपासता येतं. फुकट खात्यात पासवर्ड कितीही आणि उपकरणंही कितीही. दोन माणसांना सामायिक कप्पा फुकट मिळतो, म्हणजे नवरा-बायकोचं तेवढ्यात भागतं. कुटुंबाच्या सशुल्क योजनेत सहा जण बसतात. मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनी तो परत देऊ शकत नाही. खातं पुसून नव्याने सुरू करावं लागतं.

वनपासवर्डमध्ये फुकट योजना नाही. कुटुंब योजनेत पाच जण येतात. तिजोरी उघडायला मास्टर पासवर्डसोबत ३४ अक्षरांची एक गुप्त किल्लीही लागते, म्हणून सर्व्हरवरून तिजोरी चोरली तरी निव्वळ अंदाजाने ती फुटत नाही. आणि घरांसाठी त्याची सर्वांत मोठी सोय अशी: कुटुंबाचा व्यवस्थापक दुसऱ्या सदस्याचं अडकलेलं खातं पूर्ववत करू शकतो. बाबा पासवर्ड विसरण्याची शक्यता घरात उघडपणे मान्य असेल तर या एका सोयीसाठी पैसे मोजायला हरकत नाही. मात्र व्यवस्थापक दोघांना करा. एकच असेल आणि तोच अडकला तर त्याला कोण सोडवणार?

कीपास हा २००३ पासूनचा, पूर्ण फुकट पर्याय. तिजोरी म्हणजे तुमच्याजवळची एक फाइल, कंपनी मध्ये नाहीच. संगणकातलं ज्याला चांगलं कळतं त्याला तो आवडतो आणि एकट्यासाठी उत्तम आहे. घरासाठी आम्ही सुचवत नाही. फाइल ड्राइव्हवर ठेवून दोघांनी एकाच वेळी बदल केले की दोन प्रती तयार होतात आणि त्या जुळवायचं काम घरातल्या त्या एका जाणत्या माणसावर येतं. तो बोटीवर असेल तर काम तिथेच थांबतं.

मग कल्पिलेल्या घरासाठी उत्तर काय? आईबाबा, मुलगी, मुलगा यांच्यासाठी बिटवॉर्डन. पैसे द्यायची तयारी असेल आणि विसरण्याची भीती जास्त असेल तर वनपासवर्ड. आजीला फोनमधलाच, पण तिच्या ईमेलचा आणि पिनचा कागद आईकडे.

बोटीवरच्या माणसाची वेगळी गोष्ट

समुद्रात मोबाइलचं नेटवर्क नसतं आणि इंटरनेट मिळेल तेव्हा मिळतं. बिटवॉर्डन तिजोरीची कुलूपबंद प्रत फोनवर ठेवतं, त्यामुळे नेट नसतानाही पासवर्ड वाचता येतात. पण त्यासाठी सेटिंगमध्ये, ॲप काही वेळ न वापरल्यास काय व्हावं तिथे, ‘लॉक’ निवडलेलं हवं. ‘लॉग आउट’ निवडलं असेल तर फोनवरची प्रत पुसली जाते आणि पुन्हा आत शिरायला नेट लागतं. हे जाण्याआधी तपासायचं: फोन विमान मोडवर टाका, ॲप बंद करून उघडा, एक पासवर्ड वाचून दाखवा.

दुसऱ्या पायरीच्या पडताळणीसाठी, म्हणजे पासवर्डनंतर मागितल्या जाणाऱ्या कोडासाठी, एसएमएस नको, ऑथेंटिकेटर ॲप हवा. तो दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड घड्याळावरून काढतो, त्याला नेटवर्क लागत नाही. मात्र बोटीवर घड्याळ वरचेवर तासाने पुढे-मागे होतं. तेव्हा फोनमध्ये टाइम झोन बदला, काटे हाताने सरकवू नका. नुसते काटे सरकवले की फोनची मूळ वेळ चुकते आणि कोड अमान्य होतात. कारण लक्षात न आल्यामुळे माणूस पासवर्डच चुकला असं समजून तो बदलत बसतो.

आणि रिचार्ज. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. त्या नंबरवर बँक आणि ईमेल टांगलेलं असेल तर परतल्यावर मोठीच पंचाईत. मुलगा निघण्यापूर्वी घरच्या कोणीतरी रिचार्जची तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये लिहून घ्यावी.

मास्टर पासवर्ड मराठीत

लांब हवा आणि निवड नशिबावर सोडलेली हवी. आपल्याला ‘सुचलेला’ पासवर्ड नको. अभंगाची ओळ, आरती, ‘गणपतीबाप्पामोरया’, गावाचं नाव आणि जन्मसाल, हे सगळं चोरांच्या याद्यांत असतं किंवा सहज घालता येतं. जगभर रूढ असलेली एक पद्धत आहे: ७,७७६ शब्दांची क्रमांकित यादी, प्रत्येक शब्दासाठी पाच वेळा फासा टाकायचा. पाच शब्दांचे साधारण २८ वर अठरा शून्यं इतके पर्याय होतात.

तशी मराठी यादी हाताशी नसेल तर घरातला शब्दकोश वापरा. ६०० पानांचा असेल तर १ ते ६०० मधला एक आकडा फोनवर यादृच्छिक काढा, त्या पानावरचा पहिला शब्द घ्या. असे सात शब्द घेतले की पर्यायांची संख्या जवळजवळ तेवढीच भरते. शब्दकोश डोळे मिटून उघडू नका, तो नेहमी मधोमधच उघडतो. शब्द आवडला नाही म्हणून बदलूही नका. आवडनिवड आली की नशीब गेलं.

शब्द मराठी, पण लिहायचे रोमन अक्षरांत. देवनागरीत मास्टर पासवर्ड ठेवण्याचा मोह टाळा, त्याला एक तांत्रिक कारण आहे. ‘ऱ’ हे अक्षर संगणकाला दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध, किंवा र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण तिजोरीच्या गणिताला वेगळे ठरू शकतात. ‘वाऱ्या’तल्या ऱ्यासाठी काही कीबोर्ड न दिसणारं एक जोडचिन्हही घालतात. फोनवर चाललेला पासवर्ड लॅपटॉपवर चालत नाही तो यामुळे, आणि परक्या संगणकावर तर देवनागरी कीबोर्डच नसतो. रोमनमध्येही एक खाच आहेच: पावसाळा शब्दात v की w, एक a की दोन? जे ठरवाल ते अक्षरन्‌अक्षर कागदावर लिहा.

बोटाच्या ठशाने तिजोरी उघडण्याची सोय लावा, पण दर पंधरा दिवसांनी एकदा पूर्ण पासवर्ड टाइप करा. वर्षभर बोटच लावत राहिलेली माणसं नव्या फोनवर पहिल्याच पायरीला अडतात.

कागद, ओलावा आणि वाळवी

आता त्या २४ तासांकडे परत येऊ. कागदावर काय हवं? तिजोरीच्या खात्याचा ईमेल, मास्टर पासवर्ड, दुसऱ्या पायरीचा रिकव्हरी कोड (ऑथेंटिकेटर हाताशी नसेल तेव्हा आत शिरण्यासाठी), त्याच ईमेलचा पासवर्ड, आणि ईमेलचे राखीव कोड. गूगल आठ आकड्यांचे असे दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो.

ईमेल वेगळं लिहायचं, कारण इथे एक फास आहे. दुसरी पायरी लावलेली नसेल तर बिटवॉर्डन नव्या उपकरणावर आत घेण्याआधी ईमेलवर कोड पाठवतं. ईमेलचा पासवर्ड फक्त तिजोरीत असेल तर? तिजोरी उघडायला ईमेल हवं, ईमेल उघडायला तिजोरी. कपाटाची किल्ली कपाटातच राहून दार ओढलं गेल्यासारखं. म्हणून ईमेलचा पासवर्ड तिजोरीबाहेर कागदावर असलाच पाहिजे.

‘पासवर्ड कागदावर लिहू नका’ हा सल्ला कचेरीतल्या मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसाठी आहे. तुमच्या पासवर्डांवर टपलेला चोर बहुतेक वेळा शेकडो मैल दूर बसलेला असतो, त्याला फोंड्यातलं लोखंडी कपाट दिसत नाही. पण आपल्याकडचा पावसाळा त्या कागदाला पोचतो. जेल पेनची आणि इंकजेटची शाई ओलाव्याने फुटते, थर्मल प्रिंट आपोआप फिकी होते. बॉलपेन किंवा पेन्सिलने लिहा, झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा, आणि भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात नको, वाळवीला भिंत आणि लाकूड दोन्ही लागतं. दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली: बँकेच्या लॉकरमध्ये किंवा मडगावच्या मावशीकडे, बंद पाकिटात, चिकटवलेल्या जागेवर सही करून.

बँकेचा यूपीआय पिन आणि एटीएमचा पिन या कागदावर नको, तिजोरीतही नको. ते डोक्यातच ठेवायचे. नेट बँकिंगचा पासवर्ड ज्याचा त्याच्याच कप्प्यात, सामायिक कप्प्यात नाही. तो दुसऱ्याला देऊ नये असं बँका बजावतात आणि पुढे वाद झाला तर त्याचाच आधार घेतला जातो. सामायिक कप्प्यात जायचं ते वायफाय, राउटरचा ॲडमिन पासवर्ड, कॅमेऱ्याचा पासवर्ड, वीजबिलाचा आणि गॅसचा ग्राहक क्रमांक, टीव्हीवरच्या वाहिन्या, मुलांच्या शाळेचं पोर्टल.

एक माणूस अचानक आजारी पडला तर? बिटवॉर्डनच्या सशुल्क खात्यात आणीबाणीचा प्रवेश देता येतो. विश्वासातल्या व्यक्तीने मागणी केली की तुम्ही ठरवलेले दिवस, समजा सात, वाट पाहिली जाते, आणि तोवर तुम्ही नाकारलं नाही तर तिला तिजोरी दिसते. हे लावायच्या पायऱ्या तीन: तुम्ही निमंत्रण द्यायचं, तिने स्वीकारायचं, आणि तुम्ही पुन्हा जाऊन पक्कं करायचं. तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात आणि सगळं लागलंय अशा समजुतीत राहतात. बँकेतली वारसनोंद ही निराळी बाब आहे, ती बँकेतच करायची.

बसवताना कुठे अडतं

चवथीला सगळे घरी असतात, पण त्या दिवशी कोणाला सवड नसते. विसर्जनानंतरची दुपार बरी. दीडशे खाती एका बैठकीत हलवायची नाहीत. पहिल्या दिवशी ईमेल, बँक, मोबाइल कंपनीचं खातं, डिजिलॉकर, बस. बाकीची जसजशी उघडाल तसतशी आत घ्या.

क्रोममधले जुने पासवर्ड फाइल करून नव्या मॅनेजरमध्ये आणता येतात. ती सीएसव्ही फाइल साध्या मजकुराची असते, उघडणाऱ्याला सगळे पासवर्ड दिसतात. ती व्हॉट्सॲपवरून पाठवू नका. काम झालं की डाउनलोड्समधून पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. मग क्रोमची ‘पासवर्ड साठवू का?’ ही विचारणा बंद करा. दोन मॅनेजर एकत्र चालले की नवा पासवर्ड कधी एकात जातो, कधी दुसऱ्यात, आणि दोन्ही अर्धवट होतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘पासवर्ड’ शोधून ऑटोफिलसाठी, म्हणजे पासवर्ड आपोआप भरण्यासाठी, नवा ॲप निवडा. क्रोमच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही ‘दुसरी ऑटोफिल सेवा वापरा’ असा पर्याय असतो. तो राहून गेला तर इतर ॲपमध्ये भरलं जातं आणि क्रोममध्येच जात नाही.

ऑटोफिल न चालणं ही कधीकधी मोलाची सूचना असते. मॅनेजर वेबसाइटचा पत्ता ताडून पाहतो. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला, दुव्यावर हुबेहूब पान उघडलं, आणि तिजोरीने पासवर्ड भरला नाही, तर हाताने टाइप करू नका, पान बंद करा. याला एक खरा अपवाद आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायचे होते. तिजोरीत बँकेचा जुना पत्ता असेल तर नव्या, खऱ्या पानावरही ती गप्प बसते. अशा वेळी नवा पत्ता बँकेच्या शाखेतून किंवा तुमच्याकडे आधीपासून असलेल्या बँकेच्या ॲपमधून खात्री करून घ्या आणि नोंदीत बदला. मेसेजमधल्या दुव्यावरून कधीच नाही.

काही बँकांच्या पानांवर पेस्ट चालत नाही आणि पासवर्डची लांबीही मर्यादित असते. तिथे १४ अक्षरांचा, शून्य आणि ओ, एक आणि एल असे गोंधळाचे वर्ण वगळलेला पासवर्ड करा. हाताने टाइप करणं सुसह्य होतं. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) बसवली असेल तर मात्र कुठलाच मॅनेजर वाचवत नाही, कारण तसला ॲप स्क्रीन आणि एसएमएस दोन्ही वाचू शकतो. पैसे गेल्याचं दिसताच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा, नंतर बाकीचं.

सगळं लागलं की तालीम घ्या. फोन बाजूला ठेवा, दुसऱ्याचा लॅपटॉप घ्या, खाजगी विंडो उघडा आणि पिशवीतला कागद तेवढा हातात ठेवून तिजोरीत शिरून दाखवा. ज्याने हे मांडलं त्याने नाही, बाकीच्यांपैकी एकाने. रिकव्हरी कोडने आत गेलात की दुसरी पायरी बंद झालेली असते आणि तो कोड वाया गेलेला असतो, तेव्हा दुसरी पायरी लगेच पुन्हा लावा आणि नवा कोड दोन्ही प्रतींवर लिहा. आत गेल्यावर सेटिंगमध्ये सर्व सत्रं रद्द करण्याचं बटण कुठे आहे तेही पाहून ठेवा, हरवलेल्या फोनवरचं खातं तिथून बाहेर काढायचं असतं. जिथे अडलात ती ओळ कागदावर दुरुस्त करा, तारीख घाला आणि मावशीकडचं पाकीटही बदलून या.